मॉस मेला कधी? एका सिनेमावरून झालेल्या भांडणाचा पंचनामा

"माझे दोन तास परत दे," दादा म्हणाला. पडदा नुकताच काळा झाला होता.

"संपला? बरा होता की," मामी म्हणाली आणि शेंगांची टरफलं गोळा करायला लागली. वहिनी मध्ये चाळीसेक मिनिटं झोपून शेवटाला जागी झाली होती. तिला एवढंच विचारायचं होतं, की त्या बाईला त्याने मारलं का नाही. मामा काहीच बोलले नाहीत. उठले, गॅलरीत गेले आणि पाऊस बघत उभे राहिले.

श्रावणातला शनिवार, नाशिकला मामांचं घर. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, अंबडच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. मामा पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले. "मारधाडीचा एखादा दणदणीत सिनेमा लाव, पण डोकं चालवणारा," ही फर्माईश दादाची आणि लावणारा मी. तेव्हा या प्रकरणात पहिला आरोपी मीच.

सिनेमा होता दिग्दर्शक कोएन बंधूंचा 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे सगळं फोडणार आहे. न फोडता या भांडणावर लिहिताच येत नाही.

हे भांडण फक्त आमच्या घरातलं नाही. सिनेमा २००७ साली आला. खर्च अडीच कोटी डॉलर, जगभरातली कमाई सतरा कोटींच्या पुढे. २००८ च्या ऑस्करमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा आणि सहायक अभिनेता अशी चार बक्षिसं मिळाली. शिकागोतला समीक्षक रॉजर ईबर्ट याने चारपैकी चार तारे दिले, तर त्याच शहरातला समीक्षक जोनाथन रोझेनबॉम याला तो मुळीच पटला नाही. आणि तिकीट काढून गेलेल्या कितीतरी लोकांनी तेव्हा जे विचारलं तेच दादा आता विचारत होता: हा काय शेवट झाला?

गोष्ट थोडक्यात सांगतो. १९८० साल, पश्चिम टेक्ससचा माळ, मेक्सिकोची हद्द जवळ. ल्युएलिन मॉस हा वेल्डर, व्हिएतनामला लढून आलेला. शिकारीला गेलेला असताना उघड्या रानात त्याला गोळ्यांनी चाळण झालेल्या गाड्या दिसतात, आजूबाजूला प्रेतं, एका गाडीत अमली पदार्थांचा माल तसाच. आणि पुढे एका झाडाखाली मरून पडलेल्या माणसाजवळ नोटांनी ठासलेली बॅग, सुमारे वीस लाख डॉलर. बॅग घेऊन तो घरी येतो. पण एका गाडीत एक जण जिवंत होता आणि पाणी मागत होता. मॉसजवळ तेव्हा पाणी नव्हतं. रात्री त्याला झोप लागत नाही. उठतो, पाण्याचा कॅन भरतो आणि परत त्या जागी जातो. तिथेच तो दिसतो आणि सगळं मागे लागतं. चोरी पचली असती, पण पाणी पाजायला गेला म्हणून अडकला. हे लिहिताना मला अजूनही थोडं कसंतरी होतं.

त्याच्या मागावर भाडोत्री मारेकरी अँटन शिगूर. हातात हवेची टाकी आणि नळी. कत्तलखान्यात जनावराच्या कपाळावर टेकवतात ते हत्यार. त्याने हा कुलपं उडवतो आणि माणसंही. या दोघांच्या मागे, कायम एक पाऊल उशिरा, म्हातारा शेरीफ एड टॉम बेल.

आता दादाची तक्रार. ती 'सिनेमा कंटाळवाणा आहे' अशी नव्हती, हे आधी नोंदवतो. दीड तास तो सोफ्याच्या कडेवर बसून होता. मॉस लॉजवर खोली घेतो, बॅग हवेच्या झरोक्यात आत ढकलतो, तंबूचे दांडे आणून ती दुसऱ्या बाजूने ओढून काढायची सोय करतो. दादा प्रत्येक चालीला "वा!" म्हणत होता. मग ते दुसरं हॉटेल. मॉस अंधारात पलंगावर बसलाय, बंदूक दाराकडे. बॅगेत दडवलेलं, ठावठिकाणा कळवणारं यंत्र त्याला सापडलंय, म्हणजे शिगूर येणार हे नक्की. दाराखालच्या फटीतून बाहेरच्या पॅसेजचा उजेड येतोय. त्या उजेडात दोन पावलांची सावली येऊन थांबते, मग निघून जाते. आणि मग उजेडच जातो, कारण बाहेर कुणीतरी दिवा काढलाय. आमच्या हॉलमध्ये पंख्याचा आवाज सोडला तर चिडीचूप. मामीच्या हातातली शेंग फोडायची राहिली होती.

यात पार्श्वसंगीताची एक ओळ नाही. सिनेमाभर जवळजवळ नाहीच. कार्टर बर्वेलच्या नावावर संगीत आहे, पण ते इतकं कमी आणि इतकं दबकं, की वाऱ्याचा आवाज कुठे संपला आणि ते कुठे सुरू झालं ते कळत नाही. त्यामुळे होतं काय, की कान उघडा ठेवून बसावं लागतं. मॉस जे ऐकतोय तेच आपण ऐकतो. दीड तास दिग्दर्शक आपल्याला मॉसच्या खोलीत कोंडून ठेवतात, त्याच्या कानांनी ऐकायला लावतात. आपण त्याचे होतो.

मग एल पासो शहर. बेल गाडी घेऊन मॉटेलकडे येतोय. लांबून गोळ्यांचे आवाज. एक पिकअप टायर कचकावत निघून जाते. बेल उतरतो, खोलीच्या उघड्या दारातून आत बघतो. जमिनीवर मॉस पडलाय. मेलेला.

"थांब थांब, मागे घे," दादा म्हणाला. "काहीतरी सुटलं."

मी मागे घेतलं. काही सुटलं नव्हतं. त्याने स्वतः रिमोट घेऊन आणखी एकदा मागे नेलं. बेलची गाडी, गोळ्या, पिकअप, मॉस. "अरे, हिरोला मारलं कुणी? कधी? शिगूर कुठाय?"

आता तपासाचा भाग. मारलं कुणी, हे सिनेमा सांगतो, पण ज्या वेळी आपलं लक्ष दुसरीकडे असतं त्या वेळी. मॉसची सासू लेकीबरोबर निघालेली असताना एक नीटनेटका सूट घातलेला मेक्सिकन माणूस तिचं सामान उचलायला पुढे होतो आणि गप्पांच्या ओघात ती त्याला एल पासोचं सांगून टाकते. झालं. वीस लाख डॉलरची लपाछपी संपते ती एका म्हातारीच्या तोंडातून, सामान उचलणाऱ्याचे आभार मानताना. शिगूर तिथे पोचायच्या आधीच त्याच पैशामागे लागलेल्या मेक्सिकन टोळीने मॉसला गाठलेलं असतं. ज्या झुंजीची आपण दीड तास वाट बघतोय ती होतच नाही.

म्हणजे दादाचा मुद्दा अज्ञानातून आलेला नव्हता. मी सासूचा प्रसंग परत दाखवल्यावर तो म्हणाला, "हे कळलं. पण दाखवायला काय जातं?" आणि इथे मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते. कॉर्मॅक मकार्थीच्या २००५ च्या मूळ कादंबरीतही मॉसचा मृत्यू थेट घडताना येत नाही, दुसऱ्याच्या सांगण्यातून येतो. तेव्हा कोएन बंधूंनी पदरचा चमत्कार केला असं नाही. पण कादंबरीत प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला बेल स्वतःच्या आवाजात बोलतो. वाचणाऱ्याला पानोपानी आठवण राहते, की सांगणारा हा म्हातारा आहे, मॉस नाही. सिनेमात बेलचा तो आवाज फक्त सुरुवातीला आहे. त्यानंतर दीड तास मॉस. एवढा वेळ ज्याचं मीठ खाऊ घातलं त्याला एका कटमध्ये गाडायचं आणि वर 'तुम्ही सुरुवात नीट ऐकली नाही' म्हणायचं, याला प्रेक्षकाने हरकत घेतली तर ती रास्त आहे. सिनेमा थोर आहे असं मी मानतो, तरी.

पण 'शेवटच नाही' हा दादाचा दुसरा आरोप मला मान्य नाही. त्यावर घरात खरी जुंपली.

मॉस मेल्यावर बेल रात्री एकटा त्या मॉटेलवर परत जातो. दारावर पोलिसांची पट्टी. कुलपाचा गोळा उडालेला, तिथे नुसतं भोक. शिगूरची खूण. बेल दाराबाहेर थांबतो. कॅमेरा आपल्याला आत अंधारात भिंतीला टेकलेला शिगूर दाखवतो, हातात बंदूक. भोकाच्या पितळेत बाहेरच्या माणसाची हलती छाया. बेल पिस्तूल काढतो, दार ढकलतो, आत शिरतो. कुणी नाही. न्हाणीघराची खिडकी आतून बंद. झरोक्याची जाळी उघडलेली, खाली स्क्रू आणि एक नाणं.

"मग तो गेला कुठे?" दादा पेटला. दारामागे होता? शेजारच्या खोलीत होता? बेलच्या मनातला होता? त्याने तीन-चारदा तो भाग बघितला, कागदावर खोलीचा नकाशा काढला, दार कुठे उघडतं, सावली कुठे पडते. कारखान्यात अपघाताची चौकशी करतात तसा. जगभर लोकांनी हेच केलंय, आणि माझ्या मते नको तिथे खणलंय.

तेवढ्यात गॅलरीतून मामा आत आले.

"तो आत होता का नव्हता, त्याने काय फरक पडतो? बाहेरच्याला काय वाटलं ते बघ ना."

"काय वाटलं?"

"त्याला वाटलं, आत आहे. आणि तरी गेला." मामा खुर्चीत बसले. "असं एकट्याने जायचं नसतं. कंट्रोलला कळवायचं, माणसं येईस्तोवर थांबायचं. पण जातो माणूस. आणि आत कुणी नाही म्हटल्यावर तो पलंगावर बसला, तेव्हा तोंड बघितलंस त्याचं? सुटलो, असं तोंड आहे ते. मग त्याला त्याचीच लाज वाटली. आता हा राजीनामा देणार, तेव्हाच कळलं मला."

मी ते मागे घेऊन बघितलं. बेलचं काम करणारा टॉमी ली जोन्स पलंगाच्या कडेवर बसतो. श्वास सोडतो. बस, तेवढंच. मी हा सिनेमा पाचव्यांदा बघत होतो आणि तो श्वास मला कधी दिसला नव्हता.

कादंबरीत बेलच्या मनावर एक जुनं ओझं आहे. दुसऱ्या महायुद्धात तो आपल्या माणसांना मागे सोडून निघून आलेला असतो आणि वर त्याला शौर्यपदक मिळालेलं असतं. ते तो आयुष्यभर गिळून आहे. सिनेमात हे सगळं काढून टाकलंय. मामांनी कादंबरी वाचलेली नाही, तिचं नावही ऐकलेलं नाही. पटकथेतून जे गाळलं ते नटाच्या चेहऱ्यावर राहिलं आणि मामांनी ते तिथून वाचलं. कसं, ते मी त्यांना विचारलं नाही. मामांनी खात्यातल्या गोष्टी घरात कधी सांगितल्या नाहीत आणि कुणी विचारत नाही.

शिगूरबद्दल मात्र मामांचं मत उलटं होतं. बेल्जियममधल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी चारशे सिनेमे तपासले आणि मनोविकृत खुनी म्हणून सर्वांत खरा कोण, तर शिगूर, असं २०१४ साली लिहिलं. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. मामा म्हणाले, "असेल बाबा. मी तीस वर्षांत असा एक नाही बघितला. मारणारे सगळे आपल्यातलेच होते. दारू, जमीन, बायको. हा कुठून आला?" आणि मग, जरा थांबून, "पण तो बूट सांभाळतो ते बरोबर आहे. रक्त लागू देत नाही."

ते खरंच आहे. शिगूर एकाला गोळी घालून खुर्चीत बसून फोनवर बोलत असतो. जमिनीवर रक्त पसरत येतं तेव्हा बोलणं न थांबवता दोन्ही पाय उचलून पलंगावर ठेवतो. हे लक्षात ठेवा, कारण वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

वहिनीला विचारायचं होतं कार्ला जीनबद्दल, मॉसच्या बायकोबद्दल. आईला पुरून ती घरी येते तर खोलीत शिगूर बसलेला. आधी एका पेट्रोल पंपावर त्याने असाच एका म्हाताऱ्या दुकानदाराचा जीव नाण्यावर टांगला होता. खाल्लेल्या काजूचं चुरगळलेलं पाकीट गल्ल्यावर हळूहळू उलगडत होतं, कुरकुर करत, आणि त्या म्हाताऱ्याला कळतच नव्हतं की पैज कशाची आहे. 'बोल, छापा की काटा.' मामीच्या कानाशी मी हेच भाषांतर करत होतो. म्हातारा छापा म्हणाला आणि वाचला. आता तसंच एक नाणं कार्ला जीनपुढे. ती नाही म्हणते. बोलणार नाही. नाण्याला काही म्हणायचं नसतं, ठरवणारा तूच आहेस, असं ती त्याला तोंडावर सांगते. पुढचं दृश्य घराबाहेरचं. शिगूर ओसरीवर येतो आणि एकेक बूट उलटा करून तळवा बघतो.

"म्हणजे मारलं," वहिनी म्हणाली.

"मारलं."

"पण ती नाही म्हणाली ना? मग जिंकली ती."

दादा म्हणाला, मेली तर जिंकली कशी. वहिनी म्हणाली, तुला नाही कळायचं. यावर नवरा-बायकोत जे झालं ते इथे लिहीत नाही.

गंमत अशी, की कादंबरीत कार्ला जीन शेवटी छापा म्हणते आणि हरते. तो नकार सिनेमाने घातलाय. पुस्तकाला जवळजवळ शब्दशः धरून चाललेल्या पटकथेतला हा बदल माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. कारण तोवर शिगूर हा दैव असल्यासारखा वावरत असतो आणि आपणही ते मानलेलं असतं. ही पोरगी एका वाक्यात त्याला पुन्हा माणूस करते. पुढच्याच मिनिटाला चौकात एक गाडी येऊन त्याला धडकते, हाड बाहेर येतं आणि तो दोन पोरांकडे अंगातला शर्ट विकत मागतो. दादाला हा अपघात 'उगाच' वाटला. मला तो नकाराला लागून आलेला वाटतो, पण हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही.

राहिली मामी. ती अर्धं इंग्रजी माझ्याकडून ऐकत होती, नावं तिला एकही आठवत नव्हती. मॉस 'तो टोपीवाला' आणि शिगूर 'तो केसवाला'. शेवटी बेल निवृत्त होऊन घरी बसलाय. नाश्त्याच्या टेबलावर बायकोला रात्री पडलेली दोन स्वप्नं सांगतो. एकात वडिलांनी दिलेले पैसे त्याने हरवले. दुसऱ्यात थंडी, रात्र, डोंगरातली वाट आणि वडील शिंगात निखारा घेऊन घोड्यावरून त्याच्या पुढे निघून गेलेले, पुढच्या काळोखात कुठेतरी जाळ करायला. मग जाग आली, म्हणतो. पडदा काळा.

दादाचा सगळ्यात मोठा राग यावरच. "एवढे मुडदे पाडले आणि शेवटी म्हाताऱ्याचं स्वप्न?"

मामी टरफलांचं ताट घेऊन उभी होती. म्हणाली, "अरे, कीर्तनात नाही का? बुवा आधी अभंग घेतात, त्यावर बोलतात. मग आख्यान लावतात. आख्यानात राजा काय, युद्ध काय, पोरंसोरं त्यालाच रमतात. पण आख्यान संपलं की बुवा मूळ अभंगावर येतातच. नाही आले तर कीर्तन कसलं? हा म्हातारा पहिल्यांदा बोलला होता ना काहीतरी, आपण लावलं तेव्हा? त्याचाच अभंग आहे."

मी गप्प झालो. कॉलेजपासून या शेवटावर जे जे वाचलं होतं त्यात इतकं नेमकं काही नव्हतं. आम्ही पुन्हा पहिलं मिनिट लावलं. उघडा माळ, पहाट आणि बेलचा आवाज: पूर्वीचे काही शेरीफ बंदूकही बाळगत नसत; आणि मी एका पोराला विजेच्या खुर्चीवर मरायला पाठवलं, चौदा वर्षांच्या मुलीचा खून केला होता त्याने, आणि तो म्हणाला, कुणालातरी मारायचं हे माझ्या डोक्यात पहिल्यापासूनच होतं. वडील, आजोबा, जुने लोक, आणि समोर हे न कळणारं काहीतरी. शेवटच्या स्वप्नात तेच वडील, तोच काळोख.

"बाप पुढे गेलाय, हा मागे राहिलाय," मामी म्हणाली. "पोचेल का नाही ते त्यालाही माहीत नाही. म्हणून दचकून उठला."

मामांनी फक्त एका गोष्टीची दुरुस्ती केली. बेल मध्ये एलिस नावाच्या म्हाताऱ्याला भेटायला जातो, व्हीलचेअरवरचा, घरभर मांजरं. बेलला वाटतंय जग बिघडलं. एलिस त्याला १९०९ सालची गोष्ट सांगतो, घराच्या ओसरीवर गोळी घालून मारलेल्या नातेवाइकाची. मतलब, बाबा, हे नवीन नाही. "तो बरोबर बोलला," मामा म्हणाले. "आम्ही भरती झालो तेव्हाही जुने हवालदार म्हणायचे, आमच्या वेळेला असं नव्हतं."

दादा काही पटून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हता. मामीच्या कीर्तनावर त्याचं म्हणणं, की बुवाने आख्यान अर्धवट सोडून अभंगावर उडी मारली तर लोक उठून जातात. यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच जातात.

रात्री साडेबाराला सगळे झोपायला गेले. पाणी प्यायला उठलो तर हॉलमध्ये टीव्ही चालू, आवाज बंद. दादा एकटा बसलेला, मांडीवर तो नकाशाचा कागद. पडद्यावर बेल दाराबाहेर उभा होता.

"दार पूर्ण भिंतीला टेकतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "म्हणजे मागे कुणी नव्हताच."

"मग?"

"मग काय. तरी फालतूच आहे." आणि त्याने परत मागे घेतलं.